पेर्सॉन म्हणजे धोंडोचा मुलगा: स्वीडिश आडनावाचा माग कसा काढायचा

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार म्हणून काकांनी पुण्याहून फॉर्म पाठवला. या वेळी लेकींच्या सासरची माहितीही घ्यायची ठरलंय. रकाने नेहमीचेच: जावयाचं मूळ गाव, मूळ पुरुष, आडनावाची व्युत्पत्ती, गोत्र. मी स्वीडनमधल्या लुंड शहरात राहते, नवरा स्वीडिश, आडनाव पेर्सॉन. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

नवरा म्हणाला, "पेर्सॉन म्हणजे पेरचा मुलगा. झालं."
"तुझ्या बाबांचं नाव पेर आहे?"
"नाही."
"आजोबांचं?"
"नाही."
"मग कुठला पेर?"

तो गप्प. पुढचे आठ महिने माझे बहुतेक रविवार या पेरला शोधण्यात गेले. त्यातले निम्मे रविवार निव्वळ अज्ञानापायी वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरात निल्सॉन, लार्सॉन, आंडेर्सॉन असं कुठलंही 'सॉन' असलं तरी रीत हीच.

लागणाऱ्या गोष्टी

- घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबरोबर दोन तास (आणि कॉफी, ती आपोआपच येते)
- आजोबा-पणजोबांपैकी एकाची पूर्ण जन्मतारीख आणि जन्माचं गाव
- घरातलं जुनं बायबल, मृत्युपत्र, वाटणीचे कागद, फोटोंच्या मागची अक्षरं. जे सापडेल ते
- रिक्सआर्किवेत, म्हणजे स्वीडनचं राष्ट्रीय अभिलेखागार, यांची वेबसाइट. चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं २०१८ पासून तिथे फुकट बघता येतात
- हवं असल्यास आर्किव्ह डिजिटलची वर्गणी. पैसे पडतात, पण रंगीत छायाचित्रं आहेत. पुसट शाई रंगीत फोटोत जास्त बरी लागते
- एक वही. कॉम्प्युटरवर करणार असाल तरी वही ठेवाच

१. आधी नाव फोडा

स्वीडिशमध्ये 'चा' या अर्थी नावाला 'स' लागतो. पेर, पेर्स, आणि पुढे सॉन म्हणजे मुलगा. म्हणून रोमन लिपीत पेर्सॉनमध्ये दोन 'एस' येतात: एक 'चा'चा, दुसरा मुलाचा. डेन्मार्क-नॉर्वेत हेच 'सेन' होतं आणि 'एस' एकच राहतो. आपल्याकडे कुणी एकच 'एस' लिहिला की स्वीडिश माणसाला ते लगेच खटकतं. निल्स, लार्स, आंडेर्स या नावांच्या शेवटी 'स' आधीच असतो, तिथे तिसरा लावत नाहीत.

मुलीसाठी 'सॉन'च्या जागी 'डॉटर'. म्हणजे पेरची मुलगी पेर्सडॉटर. लग्न झालं तरी ती पेर्सडॉटरच राहायची, नवऱ्याचं नाव लावायची नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि त्यापायी एक पणजी मी तीन आठवडे चुकीच्या नावाने शोधत होते.

आता पेर म्हणजे काय? पेर हे पीटरचं घरगुती रूप. पीटर येशूचा शिष्य, आणि ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ दगड, खडक. म्हणजे पेर हा सरळसरळ आपला धोंडो. हे काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूष झाले.

ही पद्धत मराठी माणसाला कळायला सोपी आहे, कारण आपलं मधलं नाव तेच काम करतं. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे उदाहरण घ्या. यातलं 'कर्वे' काढून टाका. वडील झाले धोंडो केशवसॉन, मुलगा झाला रघुनाथ धोंडोसॉन. बापलेकांची आडनावं वेगळी, आणि दोघांच्या नावात 'घराणं' म्हणून काहीच नाही. खेड्यापाड्यातला स्वीडन कित्येक शतकं असाच चालला.

राजेही सुटले नाहीत. १५२३ साली गादीवर आलेला गुस्ताव वासा त्याच्या काळी गुस्ताव एरिक्सॉन होता, आणि त्याचे वडील एरिक योहानसॉन.

उच्चाराबद्दल थोडं. स्टॉकहोमकडे 'र' आणि 'स' एकत्र आले की आपल्या 'ष'सारखा उच्चार होतो, त्यामुळे तिकडे हे आडनाव 'पॅषॉन' असं ऐकू येतं. आमच्याकडे, दक्षिणेला स्कोने प्रांतात, 'र' घशातून काढतात आणि 'स' सुटा राहतो. फोनवर नाव सांगताना गोंधळ होतो, म्हणून स्पेलिंग सांगायची सवय लावा.

२. आडनाव कुठल्या पिढीत गोठलं ते शोधा

सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे. मी मात्र ही पायरी सोडून थेट चौथीवर उडी मारली होती.

१९०१ साली स्वीडनमध्ये आडनावांबद्दलचा हुकूम निघाला: प्रत्येक घराला पिढीजात चालणारं एकच आडनाव हवं. शहरांत ही चाल त्याआधीच सुरू झाली होती, खेड्यांत त्यानंतरही काही वर्षं जुनी पद्धत रेंगाळली. कुठल्या तरी एका पिढीत बापाने स्वतःचं 'सॉन' मुलांना जसंच्या तसं दिलं आणि नाव तिथे थिजलं. त्या क्षणी जो 'पेर' नावात होता, तोच आजतागायत राहिला.

तुम्हाला शोधायचाय तो हा पेर. तो 'पेर्सॉन घराण्याचा मूळ पुरुष' वगैरे कुणी नव्हे. घड्याळ बंद पडलं तेव्हा काटा जिथे होता, तिथला एक साधा शेतकरी.

समजायला एक नमुन्याचं घर घेऊ. १८९० च्या सुमारास जन्मलेला निल्स पेर्सॉन. त्याचे वडील पेर ओल्सॉन. जुन्या पद्धतीने निल्सची मुलं निल्सॉन झाली असती. पण ती जन्मली १९०१ नंतर, म्हणून पेर्सॉनच राहिली. म्हणजे आजच्या पिढीतल्या पेर्सॉनला त्याचा पेर साधारण पणजोबांच्या किंवा खापरपणजोबांच्या जागी सापडतो. आमच्याकडे नेमकं असंच निघालं.

यातला सापळा: सख्ख्या भावांनीसुद्धा वेगवेगळी नावं धरली. एकाने पेर्सॉन ठेवलं, दुसऱ्याने लिंडबर्ग, लिंडस्ट्रॉमसारखं झाड-डोंगर-ओढ्याचं नाव घेतलं, कारण गावात आधीच पेर्सॉनांची झुंबड. तेव्हा सासऱ्यांचे चुलतभाऊ वेगळ्या आडनावाचे निघाले तर दचकू नका. आणि उलट बाजूने: शेजारच्या पेर्सॉनांशी तुमचं नातं असण्याची शक्यता जवळपास तेवढीच, जेवढी दोन कुलकर्ण्यांची. स्वीडनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी दहाच्या दहा आडनावं 'सॉन'ची आहेत.

दोन येऱ्हान, किंवा योरान, पेर्सॉन इतिहासात आहेत. एक राजा चौदाव्या एरिकचा सल्लागार, १५६८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. दुसरे १९९६ ते २००६ स्वीडनचे पंतप्रधान. पहिल्याच्या नावातला पेर म्हणजे त्याचा प्रत्यक्ष बाप. दुसऱ्यांच्या नावातला पेर म्हणजे कुठला तरी पूर्वज. अक्षरं तीच, काम निराळं. आणि २०२१ मध्ये पंतप्रधान झालेल्या मॅग्डालेना आंडेर्सॉन या बाई असून 'सॉन', कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच बायकाही 'डॉटर' सोडून 'सॉन' लावायला लागल्या होत्या.

३. घरातल्या म्हाताऱ्यांकडे जा, आणि 'गाव' विचारा

आडनाव विचारू नका. आडनावाने काहीही सापडत नाही. हवंय ते जन्मतारीख आणि सॉकेन. सॉकेन म्हणजे एका चर्चच्या हाताखालची गावं, जुन्या नोंदींचं मूळ एकक. व्यक्तिक्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा सरकारी ओळख क्रमांक, १९४७ साली आला, त्याआधीच्या माणसाची ओळख म्हणजे जन्मतारीख, सॉकेन आणि शेताचं नाव.

इथे एक सुखद धक्का बसेल. नाती सांगायला स्वीडिश भाषा मराठीइतकीच चोख आहे. फारफार म्हणजे वडिलांचे वडील, मुरमुर म्हणजे आईची आई. फास्टर म्हणजे आत्या, मुस्टर म्हणजे मावशी, मुरब्रूर म्हणजे मामा. 'फारफार्स फार' म्हटलं की कुठल्या बाजूचे पणजोबा यात शंका उरत नाही. वहीत हेच शब्द लिहा.

नवऱ्याच्या आजीकडे गेलो तेव्हा तिने कॉफी आणि दालचिनीचे पाव मांडले आणि म्हणाली, मला काही आठवत नाही. दोन तासांनी कपाटातून बायबल निघालं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने सात जन्मतारखा, आणि वर एकच शब्द: नोब्बेलोव्ह. मी आनंदाने घरी आले. नोर्रा नोब्बेलोव्ह आमच्या लुंडच्याच कडेला आहे, बसने दहा मिनिटं!

तीन रविवार मी नोर्रा नोब्बेलोव्हच्या वह्या चाळल्या. एकही तारीख जुळेना. कारण स्कोनेमध्ये नोब्बेलोव्ह तीन आहेत: नोर्रा, व्हेस्त्रा आणि ओस्त्रा, म्हणजे उत्तर, पश्चिम आणि पूर्व. आमचं होतं ओस्त्रा, पार सिमरिसहाम्नकडे. 'बुद्रुक' की 'खुर्द' हे न विचारता एसटीत बसावं, तसला प्रकार. तेव्हा गावाचं नाव कळलं की पहिलं काम: त्या नावाची सॉकेनं किती, ते बघा, आणि लेन म्हणजे जिल्हा आणि हेराद म्हणजे जुना तालुका यांच्यासकट लिहून ठेवा.

(याच ओस्त्रा नोब्बेलोव्हचा एक शेतकऱ्याचा मुलगा सतराव्या शतकात उप्सालाला शिकायला गेला आणि गावावरून त्याने 'नोबेलियस' हे नाव घेतलं. त्याचा वंशज आल्फ्रेड नोबेल. त्या मुलाचं मूळ नाव पेत्रुस ओलाई, म्हणजे लॅटिन वेष उतरवला तर साधा पेर ओल्सॉन. आमच्या घरच्यांनी लगेच नातं जोडायला घेतलं. मी हात जोडले. त्या भागात दगड भिरकावला तर पेर ओल्सॉनला लागेल.)

४. जन्मनोंद काढा

रिक्सआर्किवेतच्या साइटवर सॉकेनचं नाव घाला, जन्मांची वही निवडा, वर्ष उघडा. जन्मनोंदीत बाळाचं नाव, जन्म आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावं, शेताचं किंवा वस्तीचं नाव, आणि साक्षीदार. बाळाला आडनाव नसतं! नुसतं 'निल्स'. त्याचं 'पेर्सॉन' बापाच्या नावावरून आपण समजून घ्यायचं. मी 'पेर्सॉन' शब्द शोधत पानंच्या पानं उलटत होते आणि तो तिथे नव्हताच.

लक्षात ठेवायच्या काही गोष्टी:

- 'ए'वर गोल असलेलं, 'ए'वर दोन टिंबं असलेलं आणि 'ओ'वर दोन टिंबं असलेलं, ही तीन अक्षरं स्वीडिश वर्णमालेत झेडच्याही नंतर येतात. 'ओस्त्रा' सूचीत 'ओ'खाली शोधलंत तर मिळणार नाही, अगदी तळाला जा.
- पेरची स्पेलिंगं बरीच. मध्ये 'एच' घातलेलं, 'ए'वर टिंबं दिलेलं, आणि पेटर, पेदर, पेत्रुस हीसुद्धा. एकाच माणसाला एकाच पाद्र्याने तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. कार्ल 'सी'नेही आणि 'के'नेही.
- जुन्या वह्यांत तारखेऐवजी चर्चचा सण लिहिलेला असतो, 'त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असा. आपल्याकडे जुन्या कागदांत 'माघ शुद्ध पंचमी' असते तसंच. ते तारखेत बदलण्याची कोष्टकं मिळतात.
- १७५३ मध्ये स्वीडनने कॅलेंडर बदललं. १७ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च आला. आणि ३० फेब्रुवारी १७१२ अशी तारीख दिसली तर ती चूक नाही. त्या वर्षी तो दिवस स्वीडनमध्ये खरंच होता.
- अठराव्या शतकातलं वळण जर्मन धाटणीचं. त्यात 'ई' हे 'एन'सारखं दिसतं आणि लांब 'एस' हे 'एफ'सारखं. मोडी शिकलेल्यांना ही गंमत ठाऊक आहे: आधी ओळखीची नावं वाचायची, त्यावरून पाद्र्याचं वळण ओळखायचं, मग बाकीचं.

५. घरपरीक्षेची वही: खरा खजिना इथे

स्वीडिश नाव हूसफरहोर्सलेंग्ड. एका दमात म्हणता येईपर्यंत मी सासरी हास्याचा विषय होते. १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांची परीक्षा घ्यायचा: वाचता येतं का, धर्मप्रश्नोत्तरी पाठ आहे का. त्यासाठी वही ठेवायचा, शेतवार, घरवार. परीक्षेत कुणाला किती आलं याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही, पण त्या निमित्ताने अख्ख्या देशाची घराघराची यादी तयार झाली.

एक पान जवळून बघू. डावीकडे शेताचं नाव. खाली घरधनी, पेर ओल्सॉन. त्याखाली बायको, चेर्स्ती निल्सडॉटर. मग मुलं: ओलोफ, निल्स, आन्ना. मग गडी आणि मोलकरणी, त्यांची आणखी वेगळी नावं. एका चुलीवर जेवणाऱ्या सात माणसांत चार-पाच 'आडनावं'. नावापुढे जन्मतारीख, जन्माचं सॉकेन, लग्नाचं वर्ष, देवी टोचली की नाही (१८१६ पासून ते सक्तीचं होतं), वाचनाच्या खुणा, आणि शेवटी 'कुठून आला, कुठे गेला'.

माणूस गाव सोडून गेला किंवा मेला की पाद्री त्याच्या नावावर आडवी रेघ मारतो. आमच्या पानावर पाच मुलं होती आणि तीन रेघा. त्यात निल्स दोनदा. पहिला निल्स दोन वर्षांचा होऊन गेला, त्याच्यावर रेघ. चार ओळी खाली पुढच्या बाळाला तेच नाव. ही पद्धतच होती. मी पहिल्या निल्सची जन्मतारीख उचलली असती तर पुढचं सगळं झाड एका मेलेल्या बाळावर उभं राहिलं असतं. म्हणून नाव सापडल्याचा आनंद लगेच करू नका, मृत्यूंची वही एकदा बघा. सासूबाईंना ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी बोट ठेवून तीन रेघा मोजल्या आणि मग कॉफी टाकायला उठल्या.

एक वही साधारण पाच-दहा वर्षं चालते. माणूस त्याच शेतावर असेल तर पुढच्या वहीत तेच शेत शोधा. गेला असेल तर शेवटच्या रकान्यात गावाचं नाव आणि वर्ष असतं, त्या गावची स्थलांतराची वही उघडा. अशा उड्या मारत जायचं. एकही उडी अंदाजाने मारू नका.

स्कोनेवाल्यांसाठी वेगळी सूचना: इथल्या बऱ्याच सॉकेनांत घरपरीक्षेच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच मिळतात. त्याआधीसाठी करदात्यांच्या वार्षिक याद्या आणि वाटणीपत्रं यांवर भागवावं लागतं. शिवाय हा प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता, त्यामुळे फार मागे गेलात तर नावं आणि भाषा दोन्ही डॅनिश वळणाची लागतात.

६. एक पिढी मागे जा, आणि नाव बदलू द्या

निल्स पेर्सॉनचे वडील पेर ओल्सॉन. पेर ओल्सॉनचे वडील ओलोफ कुणी तरी. कोण, ते त्याच्या जन्मनोंदीवरून कळेल: ओलोफ पेर्सॉन. त्याचे वडील? पेर ओल्सॉन. पुन्हा!

इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते, पण मराठी माणसाची व्हायला नको. थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला बहुधा आईच्या वडिलांचं, ही रीत तिथेही होती. आजोबांचं नाव नातवाला दिलं की पेर आणि ओलोफ आळीपाळीने येत राहतात: पेर ओल्सॉन, ओलोफ पेर्सॉन, पेर ओल्सॉन. आजोबा आणि नातू अगदी एकाच नावाचे. तारीख बघितली नाही तर दोन माणसं एक होतात किंवा एकाची दोन होतात.

इंटरनेटवर लोकांनी चढवलेली तयार झाडं मिळतात. त्यात आमच्या पेरला बापाच्याही आधी जन्माला घातलेलं होतं. दिशा कळण्यापुरतं ते बघा, पण मूळ वहीचं पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही नाव आपल्या वहीत उतरवू नका. उतरवताना सॉकेन, वहीचा प्रकार, वर्षं आणि पान क्रमांक लिहा. सहा महिन्यांनी 'हे कुठे वाचलं होतं' म्हणून रडायची वेळ येते.

७. माणूस मध्येच गायब झाला तर

घाबरू नका, तो बहुधा तिथेच असतो, फक्त वेगळ्या नावाने.

शिपाई झाला असेल. १६८२ पासून राजा अकरावा कार्ल याने सैन्याची नवी घडी बसवली: काही शेतांनी मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. एका तुकडीत डझनभर पेर ओल्सॉन असले तर हाक कुणाला मारणार? म्हणून प्रत्येकाला छोटं, खणखणीत नाव: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धाडसी, शोल्ड म्हणजे ढाल, डोल्क म्हणजे खंजीर. हे नाव बरेचदा माणसापेक्षा झोपडीचं असायचं. जुना शिपाई गेला की नवा येणारा तेच लावायचा, रक्ताचं नातं नसलं तरी. म्हणून दोन 'रास्क' एकामागून एक दिसले की बापलेक धरू नका. मुलं कधी रास्क राहिली, कधी पुन्हा पेर्सॉन झाली.

पाद्री किंवा विद्यार्थी झाला असेल. मग नाव लॅटिनमध्ये जातं: पेत्री म्हणजे पेर्सॉन, ओलाई म्हणजे ओल्सॉन. स्वीडनमध्ये लूथरचा पंथ आणणारे ओलाउस पेत्री हे ओरेब्रोच्या एका लोहाराचे चिरंजीव, घरच्या भाषेत ओलोफ पेर्सॉन. पुढे गावा-झाडांवरून नवी नावं निघाली. वनस्पतींना नावं देणारे लिनेयस यांच्या वडिलांचं नाव निल्स इंगेमार्सॉन. विद्यापीठात दाखल होताना त्यांनी घराच्या रानातल्या मोठ्या लिंड झाडावरून लिनेयस हे नाव घेतलं. ते घेतलं नसतं तर जगाने कार्ल निल्सॉन हे नाव पाठ केलं असतं.

दालार्नाकडचा असेल. तिथे शेताचं नाव माणसाच्या नावाच्या आधी लावतात. आपल्या 'कर'ची आठवण होते, फक्त जागा उलटी.

अमेरिकेला गेला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून जास्त स्वीडिश लोक देश सोडून गेले. तिकडे पेर्सॉनचं पीटरसन किंवा पिअरसन झालं.

लग्नाबाहेरचं मूल असेल. जन्मनोंदीत बापाची जागा कोरी. अशा मुलाचं 'सॉन' कधी लोकांच्या तोंडी असलेल्या बापावरून, कधी सावत्र बापावरून, कधी आईच्या वडिलांवरून पडायचं. इथे नुसत्या नावावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि घरात हे सांगताना आवाज बेताचा ठेवा. शंभर वर्षं झाली तरी काही ठिकाणी दुखतं.

थडग्यांवर फार विसंबू नका. स्वीडनमध्ये थडग्याचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो, बहुधा २५ वर्षांचा. कुणी वाढवला नाही की दगड उचलला जातो. आम्ही फुलं घेऊन गेलो होतो, तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

अलीकडच्या पिढ्यांसाठी वाट वेगळी. १ जुलै १९९१ ला जन्ममृत्यूच्या नोंदी चर्चकडून स्काटेवेर्केत, म्हणजे कर खात्याकडे गेल्या. ७० वर्षं न उलटलेल्या नोंदी सरसकट खुल्या नसतात, त्यामुळे आजी-आजोबांपर्यंतची माहिती घरातूनच गोळा करा.

८. फॉर्ममध्ये काय भरायचं

मूळ गावात सॉकेनचं पूर्ण नाव आणि शेताचं नाव, दिशेसकट. व्युत्पत्तीत सॉनचा अर्थ आणि नाव कुठल्या पिढीत गोठलं ते. वंशावळीत प्रत्येक माणसाचं त्याच्या काळचं नाव. सगळ्यांना मागाहून पेर्सॉन करून टाकू नका, बायकांना तर नाहीच. आमच्या सहा पिढ्यांत पेर्सॉन आहेत, ओल्सॉन आहेत, आणि तितक्याच डॉटर.

मुलीने हे सगळं ऐकून विचारलं, मी आईच्या नावाची डॉटर होऊ शकते का? होऊ शकते. १ जुलै २०१७ पासूनच्या नव्या नाव-कायद्यातही आई किंवा वडील, कुणाच्याही नावापुढे सॉन किंवा डॉटर लावून आडनाव घेता येतं. अर्ज स्काटेवेर्केतकडे, फी भरून. ती सध्या माझ्या नावाला डॉटर जोडून मोठ्याने म्हणून बघते आणि हसते.

काकांचं मुद्रित आलंय. गोत्रासमोर आडवी रेघ आहे. मूळ पुरुषाच्या रकान्यात त्यांनी 'पेर' छापलंय आणि शेजारी, मला न विचारता, कंसात 'धोंडो'.